फरशी झाली की सांगते

"फरशी झाली की सांगते," एवढं एकच वाक्य आत्या बोलली, आणि तेही तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचून झाल्यावर.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्या गल्लीतली शिंपीण. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "सगळ्यांची मापं घेतली, एकही अंगाला बसेना." समोरच्या दुकानातले घड्याळवाले विधुर होते. त्यांची एक राखाडी पँट वर्षानुवर्षं तिच्याकडे येत होती. एकदा बोटभर लांब करायला, मग बोटभर आखूड करायला. त्या पँटीला स्वतःचं असं काही मत उरलं नव्हतं. शेवटी एकदा कोटाचं माप देताना घड्याळवाले आरशाकडे बघत म्हणाले, "उरलेले दिवस आपण एकत्र काढले तर?" आत्याने खोलीभर नजर फिरवली, सुटकेची वाट शोधावी तशी. ती नजर फरशीवर येऊन थांबली, आणि मग ते वाक्य आलं.

फरशी करायचं तोपर्यंत तिच्याही ध्यानीमनी नव्हतं. पण जुनी फरशी खरोखरच वाईट होती. शिलाई मशीनखाली पायांनी खळगा पडला होता. भेगांमध्ये हरवलेल्या टाचण्या चकाकत. अर्धं आयुष्य तिथं सांडलं होतं आणि ते उचलायला वाकायची तिची तयारी नव्हती.

घड्याळवाले अधूनमधून विचारत, "फरशी?"

"रंग ठरतोय," आत्या म्हणे.

रंग ठरता ठरता ऋतू पालटले. मग एका संध्याकाळी ते दारात उभे राहिले. "उद्या दुपारी बहिणीकडे निघतोय. कायमचा. त्याआधी कळलं तर बरं."

ते गेले, आणि आत्या चप्पल घालून पळतच बाजारात गेली. येताना टाइल्सची खोकी घेऊन आली. मागचा कागद सोलायचा आणि जुन्या फरशीवरच चिकटवायच्या. सिमेंट नको, फोडाफोड नको.

सकाळी आई, मी आणि आत्या असे तिघं गुडघ्यांवर आलो. आधी फरशी घासून पुसून कोरडी केली. आत्याने शिंप्याच्या खडूने खोलीच्या मधोमध रेघ आखली. "आधी कच्चं टाचून बघू," म्हणत कागद न सोलताच टाइल्स मांडून पाहिल्या. मागच्या कागदावर छापलेले बाण तपासले. "सगळे एकाच दिशेला हवेत. कापडाचा उभा धागा असतो ना, तसं." मग सोलायला सुरुवात झाली. आईच्या कोपराला टाइल चिकटली, ती काढताना केसांना चिकटली, आणि ती जे हसत सुटली ते थांबेचना.

"वहिनी, काम करा!"

"करतेय हो वन्सं, पण ही फरशी माझ्याच गळ्यात पडतेय! तुम्हाला मागणी, आणि चिकटतेय मला!"

कडेचे तुकडे कापायला मी मोठी कात्री उचलली. आत्याने चापट मारली. "त्या कात्रीने कापडाशिवाय काही कापायचं नाही. माझा बाप उठून आला तरी त्याची मिशी नाही!" तिने सुरी पुढे केली.

बसवलेल्या प्रत्येक टाइलवर फडकं टाकून ती कोमट इस्त्री फिरवत होती. "शिवण दाबली नाही तर उसवते." शेवटी दारामागची जागा उरली. दार आत उघडायचं, म्हणून ते लावून घेतलं. अगदी उंबऱ्याला भिडेपर्यंत टाइल्स बसवल्या, दाबल्या. शेवटच्या टाइलवर आत्या स्वतः उभी राहिली, आणि अनवाणी पायांनी तिने चक्क एक गिरकी घेतली. मी टाळ्या वाजवल्या. आईही फिरू लागली. मशीनला धक्का लागून सुईदोऱ्यांचा डबा उलटला, रिळं सैरावैरा धावली. आणि त्या धांदलीत दारावर टकटक झाली.

आई थांबली. "वन्सं, फरशी झाली."

आत्याने आरशात पाहिलं, केस चापून घेतले, कडी काढली आणि दार ओढलं. दार केसभरही हललं नाही. तिने पुन्हा ओढलं. दाराची खालची कड नव्या टाइलला जाऊन अडत होती.

आईने कपाळाला हात लावला. "लांबी मापलीत, रुंदी मापलीत, जाडी?"

"कापडाला कुठे जाडी असते!" आत्या रडवेली झाली.

बाहेरून आवाज आला, "नाही म्हणायचं तर सरळ म्हणा. दाराला कशाला पुढे करता?" पाठोपाठ पावलं दूर जाऊ लागली.

आई खिडकीकडे धावली. गजांना नाक लावून ओरडली, "अहो घड्याळवाले! दार अडकलंय हो, माणूस नाही!"

रस्त्याच्या मधोमध घड्याळवाले थबकले. हातात बॅग, अंगात तोच कोट. "गाडीची वेळ झालीय," ते म्हणाले, पण बॅग खाली ठेवून तिच्यावरच बसले.

मी टाइल उचकटायला गेलो. नखही शिरेना. इस्त्रीने आपलं काम चोख केलं होतं. आत्या क्षणभर बिजागऱ्यांकडे बघत राहिली. मग तिने मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर बिजागरीच्या खिळीखाली धरला, आणि दुसऱ्या हाताने मोठी कात्री उचलली.

"आत्या, कात्री!"

तिने ऐकलं नाही. कात्रीची मूठ दाणकन हाणली. खीळ वर सरकली. पुन्हा हाणली. कात्रीची मूठ वाकडी झाली, खिळी टणाटण उडाल्या. "वन्सं, हळू, दार अंगावर येईल!" आई एकीकडून आणि मी दुसरीकडून दाराला लोंबकळलो. दार वर उचललं, आत ओढलं, आणि उजेड सगळ्या नव्या फरशीवर एकदम ओतला गेला.

"आता तरी सांगा काहीतरी!" आई धापा टाकत म्हणाली.

आत्याने वाकडी कात्री माझ्या हातात दिली. गळ्यात टेप, कोपराला चिकटलेला कागद, पाय अनवाणी. ती उंबरा ओलांडून रस्त्यात गेली. घड्याळवाले उठून उभे राहिले. तिने त्यांची बॅग उचलली आणि समोरच्या घड्याळांच्या दुकानाकडे चालू लागली.