वकिलीच्या पुस्तकावर व्यापाराची परीक्षा

मालकांच्या लेकींवर लिहायला मी लेखणी धरलेली नाही. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण महादेवीची गोष्ट आमच्या हमालांच्या खोलीत घडली, म्हणून ती मीच लिहिणार.

महादेवी ही भुसार बाजारातल्या चनमल्लप्पांची थोरली. चनमल्लप्पांची तुरीची आडत. त्यांचं आणि मी चिटणीस असलेल्या हमाल संघटनेचं तेव्हा उघड वैर होतं. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणार नाही, पोतं हलकं करा, असं आम्ही म्हणत होतो, आणि सगळ्यात आधी नाही म्हणाले ते हेच. अशा माणसाची बी. ए. झालेली मुलगी चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात आमच्या कचेरीचा लाकडी जिना चढून आली आणि मला म्हणाली, "अण्णा, देशमुख वकिलांची पुस्तकं तुमच्याकडं आलीत म्हणे. त्यातलं एक मला पाहिजे."

देशमुख वकील आमचे खटले फुकट लढायचे. पुण्याला राहायला जाताना त्यांनी दोन पेट्या पुस्तकं आमच्या कचेरीतल्याच वाचनालयाला दिली होती. त्यात एक जाडजूड अमेरिकन पुस्तक होतं. तिकडं वकिलीच्या कॉलेजात शिरायला परीक्षा द्यावी लागते, तिच्या सरावाचं. वकिलांच्या पुतण्यानं ते आणलेलं.

"वकील व्हायचंय?" मी विचारलं.

"नाही. मुंबईच्या एका संस्थेत व्यवस्थापन शिकायचंय. त्यांची परीक्षा असते."

"म्हणजे मालक व्हायचं शिक्षण! आणि त्याला पुस्तक हमालांचं!"

"त्या परीक्षेचं पुस्तक अख्ख्या सोलापुरात नाही," ती शांतपणे म्हणाली. तिच्याकडं संस्थेचं माहितीपत्रक होतं. उतारा वाचून उत्तरं द्या, दिलेल्या नियमावरून निकाल काढा, कुठली बाब महत्त्वाची ते ठरवा, असे प्रश्नांचे प्रकार त्यात होते. तसलेच प्रश्न या पुस्तकात आहेत, हे तिनं पुस्तक वकिलांच्या घरी होतं तेव्हाच पाहून ठेवलं होतं. माहितीपत्रकात शेवटी गणित असाही एक शब्द होता. मी त्यावर बोट ठेवलं तर ती हसली. "ते काय, आमच्या घरचंच."

मीही मान डोलावली. आडत्याच्या पोरीला हिशेब कोण शिकवणार?

वाचनालयाचा नियम असा की पुस्तक खोलीबाहेर जात नाही. मालकाच्या मुलीसाठी तो मोडायचा माझा मुळीच विचार नव्हता. "इथं बसून वाचायचं असेल तर वाच," म्हटलं. वाटलं, तंबाखूच्या वासानं दुसऱ्या दिवशी यायची नाही. पण ती रोज दुपारी यायला लागली. तिला घाई होती. बापानं सांगितलं होतं, "एकदा बस. झालं तर जा. न्हाय झालं तर अक्कलकोटचं स्थळ ठरलं म्हणून समज."

दुपारी बाजार थंड असतो. आमचे लोक टेकायला वर येत. त्यांत वयानं सगळ्यांत मोठा येडूतात्या. एकदा त्यानं विचारलं, "अक्का, काय लिवलंय त्यात? आमाला बी सांग की."

तिनं मराठीत करून सांगितलं. नियम असा: दुसऱ्याची वस्तू सांभाळायचं ज्यानं कबूल केलं, त्याच्या हलगर्जीनं ती गेली तर भरपाई त्यानंच करायची. आता एकानं आपला घोडा मित्राकडं ठेवला, मित्र दार लावायला विसरला, घोडा पळाला. भरपाई कुणाची?

"घोडंवाला गरीब हाय का श्रीमंत?" तात्यानं विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"न्हाय? मंग निकाल कसा द्यायचा?"

"मित्रानं दारू पिली हुती का?" मागून कुणीतरी.

"घोडंच द्वाड आसंल!"

आमच्यात भांडण मिटवायची रीत ठरलेली आहे. दोघांनाही बसवायचं, कुणाचं घर कसं चाललंय ते बघायचं आणि नुकसान वाटून द्यायचं. तात्यानं घोडा निम्मा-निम्मा करून टाकला. महादेवीनं पुस्तकामागचं उत्तर बघितलं. "चूक. सगळी भरपाई मित्राची. तात्या, नियम बरा की वाईट हे विचारलेलंच नाही. नियम धरायचा आणि सुटायचं."

माझं डोकं फिरलं. "म्हणूनच कोर्टात आमच्यासारखे हरतात!"

"अण्णा, तुम्ही हरता कारण नियम हातात आला की त्याला आधी शिव्या देता. वाचता नंतर."

मी तिला जिना दाखवणारच होतो. पण तात्या खो-खो हसला, "ह्ये मातर खरं हाय!" आणि तिनं पुढचा प्रश्न काढला. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढं बाजार समितीची नोटीस आली, ती मी बोलायच्या आधी वाचली. बरंच काही आमच्या बाजूचं निघालं.

डिसेंबरात बाप-लेक मुंबईला जाऊन आले. ती वर आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता.

"उतारे सोपे होते. नियमाचे प्रश्न तर पाणी. पण अण्णा, त्रिकोण आले."

"कसले त्रिकोण?"

"भूमिती. बीजगणित. मॅट्रिकनंतर मी त्याला हात लावलेला नाही. या पुस्तकात एक त्रिकोण नाही हो!"

वकिलाला त्रिकोण कशाला लागेल? पावकी, सवायकी, दीडकी हे बाजाराच्या तोंडी हिशेबाचे पाढे तिला झोपेत पाठ. त्या जोरावर तिनं, तिच्या बापानं आणि आम्ही सगळ्यांनी तो एक शब्द सोडून दिला होता. निकालात तिचं नाव नव्हतं.

दोन दिवसांनी खुद्द चनमल्लप्पा आमचा जिना चढून आले. आजवर ते खालूनच ओरडायचे. मागून महादेवी धावत आली.

"त्रिंबकराव, घात केला तुमच्या पुस्तकानं! वकिलीचं वाचून व्यापाराच्या परीक्षंला कोण जातं?"

"पुस्तकानं नाही हो. अक्षरं आली तिला, आकडे आले नाहीत."

ते लालबुंद झाले. "आकडे? चनमल्लप्पाच्या पोरीला आकडे आले न्हाईत?" ते लेकीकडं वळले. "हे काय म्हणतोय ह्यो?"

"खरं आहे, अप्पा." तिनं त्यांना प्रश्न सांगितला. शिडी भिंतीला टेकवली, तिचं टोक इतकं वर, पाय भिंतीपासून इतका लांब, तर शिडी किती लांब? चनमल्लप्पा सतरंजीवर बसले. बोटांची पेरं मोजली. ओठ हलवले. कुठलीच दीडकी लागू पडेना.

"हितं माल कुटं हाय? भाव कुटं हाय? ह्यो कसला हिशोब!"

मला संधी दिसली. "सावकार, तुम्ही पोतं हलकं करा, मी तिला मास्तर बघून देतो."

"आदी तुमी संपाची धमकी मागं घ्या, मंग बगू."

"दोघंही थांबा," महादेवी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझी परीक्षा तुमच्या भांडणात घालायची नाही. एकदाच बसायचं हा अप्पांचा नियम. मी तो कबूल केला होता. मी बसले, झालं नाही. आता अक्कलकोटला होय कळवा."

चनमल्लप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

"एकदा बस म्हणलो मी, व्हय," ते सावकाश म्हणाले. "पर तयारी करून बस म्हणलो. आकड्याची तयारी कुटं झाली? तयारीबिगर बसली ती बसली म्हणून धरायची न्हाय. अजून एकदा शिल्लक हाय."

"सावकार," येडूतात्या कोपऱ्यातून म्हणाला, "वकील तर तुमीच व्हायला पायजे हुता."

हसायला सगळ्यात उशिरा लागले ते चनमल्लप्पा. महादेवी मात्र खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

वर्षभर ती नगरपालिकेच्या शाळेतल्या रुद्रप्पा मास्तरांकडं भूमिती शिकली. पुढच्या खेपेला यादीत नाव आलं आणि जूनमध्ये ती गेली. अक्कलकोटकरांनी दुसरी मुलगी केली.

पोतं अजून शंभर किलोचंच आहे. त्यावरून चनमल्लप्पांशी माझं आठवड्याला एकदा तरी वाजतं. लोक विचारतात, ती पोरगी परत आली तर कुणाच्या बाजूला बसेल? आपल्या बापाच्या गादीवर बसेल, दुसरं काय. तिनं आम्हाला तसा कसलाही शब्द दिला नव्हता, आणि मीही मागितला नव्हता.