बी पडायच्या आधी कापलेलं गवत

आभाळातून पाहिलं तर गवत लाल दिसतं. तुम्ही हसाल, कुणी मला सांगितलं असतं तर मीही हसले असते. पण साठी उलटल्यावर मी हे शिकले, आणि शिकले तेव्हा आमचं गवत कापून झालं होतं. माझ्याच सांगण्यावरून. म्हणून आधी माझा गुन्हा सांगते, बाकीच्यांचा मग.

आमच्या गावामागं बरड आहे. मुरमाड, उताराची, खालच्या अंगाला नाला. सरकारी चराईची जागा. आमच्याकडे तिला ई-क्लास म्हणतात. मी केनवडहून सासरी आले तेव्हा तिथं गोट्यांशिवाय काही नव्हतं. उन्हाळ्यात जनावरं तिथं नुसती उभी राहायची, खायला नाही, पाय मोकळे करायला. पुढं आम्ही बावीस बायकांनी गट केला आणि ती जागा राखायची ठरवली. पाऊस लागला की दिवाळीपर्यंत आत एकही जनावर सोडायचं नाही, दोघी-दोघींनी पाळीनं राखण करायची. पहिल्या दोन वर्षी नुसती कुसळी उगवली, लुगड्याला चिकटणारी. तिसऱ्या वर्षी पवन्या आला, मग मारवेल, जनावरं आवडीनं खातात ती गवतं. नऊ वर्षं राखलं. ज्यांच्या घरी एक गुंठा शेत नाही अशा बायका त्या गवतावर म्हैस पाळू लागल्या. कापणीला प्रत्येकीचा पट्टा ठरलेला. आणि एक नियम, तो मी घातलेला: बी झडल्याशिवाय विळा लावायचा नाही. दिवाळी होऊ द्यायची, गवत पिवळं होऊ द्यायचं, बी मातीत पडू द्यायचं, मग कापायचं. मी राखणीच्या पाळीला हे इतक्या वेळा सांगायची की पोरी माझी नक्कल करायच्या.

त्या साली ग्रामसभेत कचेरीतला एक माणूस आला. म्हणाला, चराईच्या जागांची आता वरून पाहणी होणार, उपग्रहानं. जी जागा वापरात दिसेल ती गावाकडे राहील, जी पडीक दिसेल ती सोलारच्या यादीत जाईल.

मी उभी राहिले. "फोटो कधी निघन साहेब?"

"आभाळ मोकळं झालं की. दिवाळीच्या आधीच."

मी खाली बसले. इथंच चुकलं. कधी ते विचारलं, त्या फोटोत काय पाहतात ते विचारलंच नाही. त्यानंही सांगितलं नाही. बहुतेक त्यालाही माहीत नसावं.

आता माझं डोकं कसं चाललं ते ऐका. शेतकऱ्याच्या बाईला पडीक म्हणजे काय ठाऊक असतं? जिथं गवत कमरेइतकं वाढलं, बोरी-रुई माजली, धुरा म्हणजे बांध दिसत नाही, ते पडीक. ज्या वावरात निंदण झालं, काडीकचरा वेचला, धुरे साफ, ते वापरातलं. सासूनं मला पहिल्या वर्षी हेच शिकवलं होतं, की वावर पाहून बाई कळते. आणि इथं तर सरकार स्वतः वरून पाहायला येणार! पाहुणा येणार म्हटल्यावर आपण अंगण झाडतो की नाही? मी गटाची बैठक घेतली आणि सांगितलं, बरड साफ करायची. सगळं गवत कापायचं, बोरी तोडायच्या, धुरे पेटवायचे, हद्दीच्या गोट्यांना चुना लावायचा. पाहणाऱ्याला दिसलं पाहिजे की इथं बायकांचा हात फिरतो.

सगळ्या तयार झाल्या. एकीनं विचारलं, "बाई, फोटोच्या दिवशी लुगडं कोणतं घालू?" दुसरी म्हणाली, "तू वर पाहू नको म्हणजे झालं, उपग्रह पडन खाली." खूप हसलो त्या दिवशी. नंतर असं हसणं झालं नाही.

एकटी माझी धाकटी जाऊ उठून उभी राहिली. दीर गेल्यापासून ती चार बकऱ्यांवर घर चालवायची. तिचा पट्टा खाली नाल्याच्या काठाला.

"आत्ताच कायले कापता? बी पडलं नाही अजून."

"फोटो निघून राह्यला ना बाई. एक साल नाही पडलं बी तर काय बिघडते?"

"फोटोले गवत टोचते का?" ती म्हणाली. "तुमीच त सांगता, बी पडल्याबिगर विळा लावाचा नाही. आता काहून लावता?"

मला राग आला. सगळ्यांसमोर माझाच नियम माझ्या तोंडावर मारला. मी म्हटलं, "तुह्या चार बकऱ्यापायी बावीसजणींची जागा जाईन. तेव्हा तू देशीन का भरून?"

"गेली त जाईन. माह्या पट्ट्याले हात लावू देणार नाही."

आणि खरंच, कापणीच्या दिवशी ती विळा मांडीवर घेऊन नाल्याकाठी बसून राहिली. कुणाची पुढं जायची हिंमत झाली नाही. बाकी बरड आम्ही तीन दिवसांत अशी साफ केली की गोटा न् गोटा मोजून घ्या. धुरे काळे, गोटे पांढरे, मधली जमीन उघडी लख्ख. वरच्या टोकाला पोरींनी चुन्यानं गावाचं नाव लिहिलं, एकेक अक्षर खाटेएवढं. मी कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि माझा ऊर भरून आला. घरी येताना मी जावेला सांगितलं, "उद्यापासून राखणीले येऊ नको. गटाचं ऐकत नाही त्यानं गटात राहू नये."

ती बकऱ्यांना पाला टाकत राहिली.

महिनाभरानं यादी लागली. आमची बरड पडीक.

मी तालुक्याच्या कचेरीत गेले ती भांडायलाच. साफसफाईचे मोबाईलवरचे फोटो घेऊन गेले, मोठ्या तोऱ्यात. तिथल्या बाबूनं माझे फोटो पाहिलेच नाहीत. त्यानं आपला संगणक माझ्याकडे वळवला. पडद्यावर आमचा सारा शिवार, पण रंग भलतेच. तुरीची वावरं लालभडक, नाल्याकाठची झाडं लाल, आणि मधोमध आमची बरड, राखेच्या रंगाची.

"आमचं काय जळलं काय?" मी घाबरून विचारलं.

"मावशी, इथं लाल म्हणजे हिरवं. झाड-गवत जेवढं दाट तेवढं लाल. तुमच्या जागेत काहीच नाही."

"काहीच नाही कसं? आमीच कापलं ना! फोटो निघणार म्हणून साफ केलं!"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग शेजारच्याला सांगितलं, "ऐकलं का, यांनी फोटोसाठी गवत कापलं." दोघं हसले. मी लग्नातही कधी एवढी मान खाली घातली नव्हती.

हसू ओसरल्यावर तो म्हणाला, आधी गवत होतं याचा पुरावा आणा.

पुरावा कुठून आणायचा? गवताची पावती असते का? पण त्याच सुमारास शेतीच्या कॉलेजातली एक मुलगी अभ्यासासाठी आमच्या भागात फिरायची, जऊळक्याला रेल्वेनं उतरून यायची, पुढं मिळेल त्या ऑटोनं. तिला मी ओट्यावर बसवून सारं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आजी, तो उपग्रह काही एक दिवस येत नाही. दर पाच दिवसांनी तुमच्या डोक्यावरून जातो. मागचे सगळे फोटो ठेवलेले आहेत, फुकट. तुम्ही स्वतः काढू शकता."

"मी? मी चौथी पास."

"मग काय झालं? दळण टाकायला शाळा लागते का?"

चार दिवस ती माझ्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली. माझ्या नावानं खातं उघडलं. नकाशावर गाव शोधायला शिकवलं, नाल्याचं वळण पकडून बरडीवर यायचं. मग तारीख. मग ढग किती टक्के चालतील ते ठरवायचं, नाहीतर पावसाळाभर नुसता कापूस दिसतो. तिनं सांगितलं, आपला डोळा तीन रंग पाहतो, या यंत्राला आणखी बरेच दिसतात. हिरवं पान एक उजेड असा परत फेकतं की तो आपल्याला दिसतच नाही. तोच तिथं लाल करून दाखवतात. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद जागेचा एक ठिपका. मी म्हटलं, मग आमचं चुन्याचं नाव? ती म्हणाली, नाही आजी, ते वाचता येणार नाही.

मग आम्ही एकेका वर्षाचा आश्विन उघडत गेलो. तिनं काढला, मी पाहिला. पहिल्या साली राखाडी. दुसऱ्या साली राखाडी. तिसऱ्या साली नाल्याकडून फिकट गुलाबी चढत वर आलेलं. मग दर साली गडद, दर साली वर. सातव्या-आठव्या वर्षी तर शेजारच्या बागायतीशी बरोबरी करणारं लाल. आमच्या राखणीचा एकेक दिवस, एकेकीच्या पाळीचं ऊन, सगळं आभाळात लिहून ठेवलेलं. आम्हालाच माहीत नव्हतं. आणि शेवटी त्या सालचा फोटो. सगळी राख, खाली नाल्याकाठी एक बारीक लाल रेघ.

"ही काय?" मुलीनं विचारलं.

जावेचा पट्टा होता तो. माझ्याच्यानं सांगवलं नाही.

ती मुलगी रागानं म्हणाली होती, "एका फोटोवरून असं कुणी ठरवतं का? सालभराचे बघायचे असतात!" तिचं खरं होतं. कागदावर रंगीत छापून, गटाचे अंगठे-सह्या घेऊन मी कचेरीत गेले. बाबूनं एकेक पान उलटलं. या खेपेला हसला नाही. म्हणाला, "काम चांगलं केलं मावशी. पण हरकतीची मुदत गेल्या आठवड्यात संपली."

"तुमीच त पुरावा आणा म्हणले!"

"पुरावा म्हणालो. मुदतीत आणा हे वेगळं सांगायचं असतं का?"

साहेबाला भेटले, वरच्या साहेबाला भेटले. सगळे म्हणाले, तुमचं बरोबर आहे. बरोबर आहे म्हणणाऱ्यानं काही करायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या पावसाळ्याआधी तारेचं कुंपण आलं, मग खांब, मग सोलारच्या काचा. नाल्याकाठची पट्टी तेवढी सुटली. यादीवाल्यांनी तिथं हिरवं दिसतं म्हणून ती वगळली होती. बाराजणींनी त्या साली जनावरं विकली. माझी म्हैस केनवडच्या बाजारात गेली, माझ्याच माहेरच्या गावात. मी सोबत गेले नाही.

मुलगी तिचा अभ्यास संपवून गेली, पण खातं माझ्याजवळ राहिलं. नातसुनेच्या मोबाईलवर मी अजून उघडते. का, ते विचारू नका. काचा काळ्या-निळ्या दिसतात, चौकोन-चौकोन. मागं मंगरूळपीरकडच्या एका गावातल्या बायकांचा फोन आला. कुणीतरी माझं सांगितलं असेल. "मावशी, आमच्याकडं बी वरून फोटो निघून राह्यला. चराईची जागा साफ करून ठेवू ना?"

"एक काडी कापू नका," मी ओरडलेच. "बोर तोडू नका, धुरा पेटवू नका. जसं माजलं तसं माजू द्या."

"पण लोक म्हणतीन, काय घाण ठेवली!"

"म्हणू द्या. लोक खालून पाहतात."

हे बोलत होते तेव्हा जाऊ समोरून बकऱ्या घेऊन जात होती. थांबली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या ओट्याशी थांबली.

"फोटो पाहून राह्यल्या का?"

"हो."

"मायी पट्टी दिसते का त्यात?"

मी मोबाईल पुढं केला, बोटानं मोठं करून दाखवलं. दोन ठिपके रुंद, लाल. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"एवढीशी?"

"एवढीशीच राह्यली."

तिनं मोबाईल परत दिला. "त्या दिवशी तुमचं ऐकलं असतं त हे बी नसतं," ती म्हणाली. टोमण्यानं नाही, बाजारभाव सांगावा तशी. मग बकऱ्यांना हाकारून नाल्याकडे निघाली. बी अजून पडायचं होतं, म्हणून विळा सोबत नव्हता.

राखणीले येत जा, असं म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण राखायला उरलेली जागा आता तिची आहे. म्हणायचं तर तिनं मला म्हणायचं. अजून म्हणाली नाही.