कपाटातला बॉल

सोलापूरच्या कॉलेजात मी चार वर्षं फुटबॉल खेळले. गुडघा गेला, मग मुरुमकडच्या आमच्या गावच्या शाळेत खेळाची बाई म्हणून लागले. तात्पुरती. शाळा सोसायटीची आणि सोसायटी चेअरमनची, त्यामुळं तात्पुरतं म्हणजे किती हे त्यांच्या मर्जीवर.

पहिल्याच महिन्यात मी मुलींचा संघ काढला. चेअरमनना कल्पना लई आवडली, कारण शेजारच्या कुठल्या चेअरमनकडं मुलींचा संघ नव्हता. त्यांनी समारंभ घेतला. मला शाल, नारळ, आणि संघाला सोलापूरहून आणलेला चामड्याचा फुटबॉल. भाषणं संपल्यावर मी बॉल उचलायला गेले, तर कारकुनानं तो माझ्याआधी उचलून ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवला आणि कुलूप घातलं.

"बाई, संस्थेची वस्तू हाय. खेळून खराब झाली म्हंजे?"

खेळायची वस्तू खेळून खराब होते, म्हणून ती खेळायला द्यायची नाही. एवढं शहाणपण मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

मैदानाची मात्र चंगळ होती. दुष्काळानं पाझर तलाव आटला होता, तळाच्या भेगा बुजवल्या की झालं. मुली दिवसभर आयांबरोबर दुष्काळी कामावर माती वाहायच्या आणि संध्याकाळी माझ्याकडं पळायच्या. दम आयताच तयार झालेला. बॉल म्हणून चिंध्यांचा गोळा. तो लाथ मारली की पडल्या जागी बसायचा. एवढ्या तयारीवर महिन्याभरात तालुक्याच्या संघाशी सामना ठरला. चेअरमननी बजावलं, "बाई, आपली इज्जत घालवू नका. न्हायतर पुढच्या साली दुसरी बाई बघावी लागंल."

माझे वडील, आमचे आप्पा, मोटा शिवायचे. बैलांनी विहिरीतनं पाणी ओढायची ती चामड्याची मोट. आधीच गावात विहिरींवर पाण्याची इंजिनं आलेली, त्यात विहिरी कोरड्या पडल्या, आणि आप्पा घरी बसले. मी कपाटाची रडकथा सांगितली तर म्हणाले, "एक दिवस घिऊन ये."

मी कारकुनाला सांगितलं, चामड्याला तेल लावलं नाही तर ते तडकतं, आणि तडकलेला बॉल चेअरमननी बघितला तर जाब तुम्हाला विचारतील. त्याचा चेहरा उतरला. बॉल मिळाला.

आप्पांनी तो मांडीवर घेऊन फिरवला. "ह्यात काय हाय? मोटंचं लेकरूच की." दिवस मावळायच्या आत जुन्या मोटेचा, आत चिंध्या ठासलेला, तेल पाजलेला दुसरा बॉल तयार. दुसऱ्या दिवशी आप्पांचा बॉल कपाटात गेला आणि सोलापूरचा तलावात. तलावातला बॉल माझा कॉलेजातला, असं मी सांगून टाकलं. कारकुनानं कपाटाचं कुलूप दोनदा ओढून बघितलं.

सामन्याच्या दिवशी घोळ झाला. उद्घाटनाची पहिली लाथ चेअरमन मारणार होते, आणि कारकुनानं त्यासाठी मानाचा म्हणून कपाटातला बॉल आणला. त्याला हळदीकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. चेअरमननी धोतर सावरलं, दोन पावलं मागं गेले आणि चपलेसकट लाथ हाणली. बॉल वीतभर सरकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी तलावाकडं कुणी फिरकत नसे, खरा फुटबॉल गावानं कधी बघितलाच नव्हता, एवढाच जात असेल असं त्यांना वाटलं.

चेअरमन खाली वाकले. लोकांना वाटलं, पाया पडतायत. त्यांनी बॉलवरनं अंगठा फिरवला आणि माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "बाई, ही मोट हाय."

नोकरी गेली, मी मनाशी म्हटलं.

"आमच्या हिरीवरची मोट तुमच्या आप्पांनीच शिवली व्हती. टाका वळखतो म्या." मग ते उठले, लंगडत मंचावर गेले आणि संस्थेनं मुलींना काही कमी पडू दिलं नाही, असं माईकवर सांगितलं.

सामना तलावातल्या बॉलनं झाला आणि आम्ही एका गोलनं हरलो. एका गोलनं हरलं तर इज्जत जात नाही, हे चेअरमननीच ठरवलं. पुढच्या साली मी कायम झाले.

सोलापूरचा बॉल फाटेस्तोवर आम्ही खेळलो. कपाटातल्या बॉलला दर सव्वीस जानेवारीला हार पडायचा आणि त्यानंतर माझा सत्कार. शाली इतक्या झाल्या की आईनं त्या गोधडीत घातल्या. एका साली मी चेअरमनना म्हटलं, एकदा आप्पांनाही मंचावर बोलवा.

"बोलवू की," ते म्हणाले. "काय म्हणून बोलवायचं, तेवढं माईकवर तुमी सांगा."



आप्पा दरवर्षी मंडपाच्या मागं उभे राहायचे. बॉलला हार पडला की टाळी वाजवायचे. घरी जाताना विचारायचे, "टाका कुठं उसवला न्हाय ना?" मी नाही म्हणायचे. आप्पा मंडपाच्या मागं आणि मी मंचावर, याची मला तेव्हाही लाज वाटायची, अजून वाटते. वर्षातनं एकदा माईक माझ्या हातात यायचा. मी संस्थेचे आभार मानायचे आणि खाली बसायचे.