पेनाचं टोपण

बाबा आयसीयूत होते, तेव्हा बाहेरच्या बाकावरून मी एका बाईंना रोज पाहायचो. अत्यवस्थ रुग्णांवर एका नव्या औषधाची चाचणी चालू होती आणि नातेवाइकांची संमती घेणं हे त्यांचं काम. समोर उभ्या न राहता त्या शेजारी बसायच्या, आधी “जेवलात का?” विचारायच्या. हातातल्या पेनाचं टोपण मात्र कायम लावलेलं. एकदा कात्रजचे एक गृहस्थ म्हणाले, “ताई, तुम्ही म्हणाल तिथं सही करतो.” तर बाईंनी फाइल मिटली. “चहा घेऊन या, मग बोलू.” सही आयती मिळत असताना ही कसली तऱ्हा, मला कळेना.

चौथ्या दिवशी बाबांना व्हेंटिलेटर लावला. बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. चाचणीत घ्यायचं तर दोन तासांत ठरवायला हवं होतं. त्यांनी सगळं समजावलं. मी हात पुढे केला. “द्या, कुठे करू?”

“आधी मी काय सांगितलं ते सांगा.”

मला एक वाक्य सांगता येईना. “अहो, वेळ चाललाय!” मी चिडलो.

“माझाही,” म्हणत त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. कोणाला औषध आणि कोणाला नुसतं सलाइन, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार. बाकीचे उपचार तेच.

या वेळी मी ऐकलं. “म्हणजे बाबांना औषध मिळणारच नाही, असंही होईल?”

“होईल.” त्यांनी टोपण काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं. “आता नाही म्हणालात तरी चालेल.”