ताप होता का?

फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या दाढेत सिमेंट भरत होते. पिंगळे सरांच्या मुलाचा, अजयचा आवाज. "ताई, बाबा गेले... सकाळी उठलेच नाहीत." यावर माणूस काय विचारतो? कसे, केव्हा, तू एकटाच आहेस का... मी विचारलं, "ताप होता का?" अजय गडबडला. "पता नहीं ताई. बाबा कधी काही सांगतात का? तुम्ही या." त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते.

अठरा दिवसांपूर्वी मी पिंगळे सरांची दाढ काढली होती आणि त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप होती. अशा माणसाचा दात काढताना तोंडातले जंतू रक्तात शिरून झडपेवर बिऱ्हाड थाटू शकतात. आधी ताप येतो आणि बघता बघता माणूस हातचा जातो. म्हणून तासभर आधी अँटिबायोटिक द्यायचं. मी दिलं होतं. तरी रिक्षात बसल्यावर एकच विचार, माझ्याच हातून तर नाही ना...

हे सगळं मला सरांनीच शिकवलं. त्यांच्या हाताखाली मी परदेशीपुऱ्यातल्या, कापड-मिलांच्या वस्तीतल्या, दवाखान्यात आले, तेव्हा मिला एकामागून एक बंद पडत होत्या आणि भर दुपारी रस्ते कामगारांनी भरलेले असत. औषधांच्या दुकानांत मात्र रोज नव्या कंपनीच्या चकचकीत कॅप्सूल. मी नवी, उत्साही. दात काढला की पाच दिवसांच्या कॅप्सूल लिहून मोकळी! सर माझ्या चिठ्ठीवर काट मारायचे. "दात काढलाय, कॉलरा नाही झाला." पेशंट नाराज होत. "क्या साब, दवाई नहीं लिखी? चौराहे वाला तो तीन रंग की देता है!" त्यावर सर म्हणत, "भिया, मीठपाणी करो. रंग होळीला बघू." पण त्याच माणसाला ते आधी न चुकता विचारत, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? त्या तापाने हृदयाची झडप बिघडते, म्हणून उत्तर हो आलं, की सरांची थट्टा बंद.

कमलाबाईंचं उत्तर हो होतं. झडप खराब, नवरा मिलमधून घरी बसलेला. सरांनी चार कॅप्सूल दिल्या आणि बाकावर तासभर थांबायला सांगितलं. तासाने मी दात काढला. बाई कापूस दाबून उठल्या, तर पदराच्या गाठीत तीन कॅप्सूल! "एक खाल्ली ना डॉक्टरनीजी. बाकी यांच्यासाठी ठेवल्या, खोकला आहे. मिलचा दवाखाना तर बंद झाला... सगळ्या मी एकटीच कशा खाऊ?"

सरांनी उरलेल्या तिन्ही तिथल्या तिथे गिळायला लावल्या आणि मला सगळ्यांदेखत झाडलं. "पण तुम्हीच दिल्या होत्या ना सर," मी पुटपुटले. "मी दिल्या, दात तू काढलास. गिळल्या का, हे कोण विचारणार?" मग तीन आठवडे मी रोज थर्मामीटर घेऊन कमलाबाईंच्या खोलीवर. आकडा त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायचा, असा सरांचा हुकूम. सहाव्या दिवशी शंभर भरला आणि मी सरांना बोलवायला धावले. सर स्वतः आले, तपासून म्हणाले, "सर्दी आहे." पुढे आकडे उतरले. एकविसाव्या दिवशी मी कॅलेंडरच उचलून दवाखान्यात नेलं. सरांनी चष्मा लावून एकेक तारीख वाचली आणि कचोरी मागवली. कचोरी खाताना मी रडले, ते त्यांनी न पाहिल्यासारखं केलं.

तेव्हापासून त्या दवाखान्यात कॅप्सूल देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गिळायची. पुढे दवाखाना माझ्याकडे आला, पण रीत तीच. दाढ काढायच्या दिवशी सर स्वतः पेशंट म्हणून त्याच बाकावर बसले. एकेक कॅप्सूल गिळली, शहाण्या मुलासारखं तोंड उघडून दाखवलं आणि वर हसत मलाच दटावलं. "नीट बघ, सुधा. म्हाताऱ्यांचा भरवसा नाही." त्यांचं ते हसणं शेवटचं ठरलं...

घरी माणसं जमली होती. सर झोपल्यासारखे दिसत होते. त्यांचे हृदयाचे डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, वय झालं होतं. मी मान हलवली, पण मनातला काटा निघेना. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. फ्रीजशेजारी कॅलेंडर होतं. दाढ काढली त्या तारखेपासून प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने बारीक आकडा. ९७.८. ९८.२. ९८. एकही दिवस सुटलेला नव्हता, अगदी आदल्या रात्रीपर्यंत. आणि वर कोपऱ्यात, सरांच्या तिरप्या अक्षरात: 'सुधा विचारेल.'

मी तिथेच ओट्याला टेकून रडले, आणि खोटं कशाला सांगू, त्या रडण्यात दुःखाहून सुटकाच जास्त होती. ते पान अजयने मला दिलं. आता ते दवाखान्यात बाकाच्या वर लावलंय. एखादा पेशंट विचारतो, "मॅडम, ये पुराना कैलेंडर क्यों टांगा है?" मी त्याच्या हातात पाण्याचा पेला देते आणि म्हणते, "आधी गिळा. मग सांगते."