आशाताई आणि 'गेट'

सुप्रभा आठल्ये साउथहॅम्प्टनला आल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. नवरा, डॉक्टर शशी आठल्ये, इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. सांगलीला शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सुप्रभाताईंना इथे शिक्षिका म्हणून कुणी घेतलं नाही, म्हणून त्यांनी एका शाळेच्या ऑफिसात नोकरी धरली आणि रिटायर होईपर्यंत तिथेच काढली. आता त्या बहात्तर वर्षांच्या आहेत. शशी जाऊन तीन वर्षं झाली.

तेव्हापासून मंगळवार हाच त्यांचा खरा दिवस. सकाळी दहा ते बारा लायब्ररीत बसायचं आणि देशात नवीन आलेल्या लोकांना इंग्रजी बोलायला शिकवायचं. बाकीचे दिवस कसेही जातात. एकदा शुक्रवारी दुकानात गल्ल्यावरच्या मुलीला 'थँक यू' म्हणताना त्यांचा आवाजच फुटेना. घसा खाकरताना लक्षात आलं, मंगळवारनंतर आपण कुणाशी एक शब्द बोललेलो नाही.

मार्चमध्ये लायब्ररीत आशा दळवी आल्या. साताऱ्याच्या, साठीच्या पुढच्या. मुलगा विनय हॉस्पिटलात डॉक्टर, त्याच्याकडे सहा महिन्यांच्या व्हिजावर आलेल्या. सगळ्यांनी आपली ओळख करून दिली, पण आशाताईंची पाळी आली तेव्हा त्या मान खाली घालून वहीचा कोपरा दुमडत बसल्या. वर्गात फक्त इंग्रजी बोलायचं हा सुप्रभाताईंचाच नियम. तो त्यांनीच मोडला.

"काय झालं, आशाताई?"

आदल्या आठवड्यात गुडघा सुजला म्हणून आशाताई एकट्याच जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात गेल्या होत्या. रिसेप्शनवरच्या बाईंनी नाव-पत्ता लिहून घेतला आणि काहीतरी सांगितलं. त्यातलं 'गेट बॅक' तेवढं कळलं.

"गेट म्हणजे मिळणं ना, ताई? आणि बॅक म्हणजे मागे. मला वाटलं, दुपारी मागे आले की नंबर मिळेल. म्हणून जेवून परत गेले. पावसात. तीन तास बसले. शेवटी दिवे मालवायला लागले, तेव्हा त्यांनी विनयला फोन केला."

"मग?"

"विनय म्हणाला, आई, गेट बॅक म्हणजे ते तुला फोन करणार होते. रागावला नाही हो. पण गाडीत नंतर एक अक्षर बोलला नाही."

सुप्रभाताईंना हसू येत होतं, ते त्यांनी गिळलं.

त्या गुरुवारी आशाताई त्यांच्या घरी आल्या, मग दर गुरुवारी येऊ लागल्या. सुप्रभाताईंनी वहीत 'गेट' हा शब्द मोठा काढून दिला. गेट अप म्हणजे उठणं. गेट वेट म्हणजे भिजणं. आय गेट इट म्हणजे कळलं. गेट द मिल्क म्हटलं की दूध आणायचं आणि गेट होम म्हटलं की घरी पोचायचं.

"एवढासा शब्द, आणि किती कामाला लावलाय!" आशाताई म्हणाल्या. "आमच्या थोरल्या जाऊबाईंसारखा."

गेट ऑन आणि गेट ऑफ शिकवायला दोघी बसमध्ये बसल्या, बंदरापाशी उतरल्या, पांढरं धिप्पाड क्रूझ जहाज हलेपर्यंत बाकावर बसल्या. उतरताना आशाताईंनी ड्रायव्हरला स्वतःहून विचारलं, "आय गेट ऑफ हिअर?" तो म्हणाला, "यू डू, माय लव्ह." त्या लाजल्या.

"गेट ऑनचा अजून एक अर्थ आहे," बाकावर सुप्रभाताई म्हणाल्या. "'शी इज गेटिंग ऑन' म्हणजे तिचं वय झालंय. परवा बॉयलर बघायला आलेला माणूस माझ्याबद्दल फोनवर कुणाला तरी म्हणत होता."

"आणि गेट ओव्हर? विनय म्हणतो ना, सर्दी गेट ओव्हर झाली."

"बरं होणं. सावरणं." सुप्रभाताई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "हे गेले तेव्हा शेजारीण म्हणाली, यू विल गेट ओव्हर इट. चांगल्या मनानं म्हणाली. मी रोज सकाळी उठले की बघायचे, आज झालं का. अजून नाही झालं."

आशाताईंचे मिस्टर जाऊन अकरा वर्षं झाली होती. पिशवीतून त्यांनी तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या आणि डबा दोघींच्या मध्ये ठेवला.

ऑगस्टच्या शेवटी व्हिजा संपत आला. विनय आईला हीथ्रोला सोडायला निघाला, तेव्हा वाटेत दोन मिनिटं सुप्रभाताईंच्या दारात थांबला. आशाताईंनी त्यांचे हात धरले, "पुढच्या वर्षी येते" म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. पहिले दोनेक आठवडे साताऱ्याहून गुरुवारी चार वाजता व्हिडिओ कॉल आला. मग गणपती, मग पुतणीच्या लग्नाची तयारी. कॉल कमी झाले. त्यात राग धरण्यासारखं काहीच नव्हतं, हे सुप्रभाताईंना कळत होतं. तरी गुरुवारी चार वाजले की त्या फोन टेबलावर पालथा घालून ठेवायच्या.

त्यांचा मुलगा अर्जुन कार्डिफला असतो. जन्म इथलाच. दर रविवारी फोन करतो. "आई, सगळा ओके?" तो विचारतो आणि त्या "हो रे, मजेत" म्हणतात. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी त्या म्हणाल्या, "नाही."



"नाही म्हणजे? बीपी?"

"बीपी ठीक आहे. मला एकटं वाटतं, अर्जुन. फार."

तो म्हणाला, "तू कधी बोलला नाही." मग, "बोलली नाहीस. सॉरी. मी सॅटरडेला येतो."

तो आला. छताच्या पन्हळीत अडकलेली पानं त्यानं काढली, वरण-भात दोनदा वाढून घेतला आणि सोफ्यावर बसल्या बसल्या झोपला. चाळिशी उलटलेल्या मुलाचं डोकं एका बाजूला कललं होतं, तोंड किंचित उघडं. सुप्रभाताईंनी भांडी तशीच ठेवली आणि समोर येऊन बसल्या. त्याला पाचला निघायचं होतं. त्यांनी त्याला साडेपाचला उठवलं.

ऑक्टोबर संपताना तो पुन्हा आला. नोव्हेंबरात जमलं नाही.