डावरीची गाठ

कत्तलखान्यात आतड्यांची खोली सगळ्यात मागे. तिथे डाव्या हाताने सुरी चालवणाऱ्या बाईला सगळे डावरी म्हणत. लहानपणी बापाने तो हात वळणावर आणायला काय कमी केलं? चुलीतल्या लाकडाने झोडपलं, हात पाठीशी बांधून ठेवला. ती उजव्याने जेवायला शिकली, लिहायला शिकली, पण बापाची पाठ वळली की डावा पुन्हा पुढे. त्या हाताने बापालाही भीक घातली नाही.

भिंतीपलीकडे तिचा नवरा मेंढ्या कापायचा. आतडी टोपलीतून गरम गरम यायची. डावरी ती धुवायची, खरवडायची, पीळ देऊन ताणून वाळवायची. तार तयार झाली की टोकाला गाठ मारायची. या तारा वाद्यांना लागतात एवढं तिला ठाऊक होतं. एकोणीस वर्षं तारा वळल्या, पण वाजलेली एकही ऐकली नाही. आता याला काय म्हणावं!

दिवसभर कापून आला तरी नवऱ्याचा हात घरी शांत बसायचा नाही. डावरीचा जबडा वाकडा झाला तो त्याच्याच ठोशाने. एका कानाची पाळी फाडून त्यातलं सोन्याचं फूल त्याने दारूत घातलं होतं. मोठी जाऊ म्हणायची, "कामाचा शीण असतो गं त्याला." मेंढ्यांचीही कोणी अशीच समजूत घालत असेल.

एकदा तारा पोहोचवणारा गडी आजारी पडला म्हणून मुकादमाने डावरीला वाद्यांच्या दुकानात धाडलं. भिंतीवर एक जुनी ल्यूट, म्हणजे सतारीसारखं विलायती वाद्य, टांगलेली होती, पोट फुगलेली, मान मागे मुडपलेली. म्हाताऱ्या कारागिराने जाता जाता ती छेडली आणि डावरीच्या हातातलं गाठोडं खाली पडलं. मग ती जवळ जाऊन तारांची टोकं बघू लागली.

"ही गाठ माझी आहे," ती म्हणाली.

"गाठीवर काय नाव लिहिलंय का?" कारागीर हसला.

"बाकीच्या बाया उजवीकडून मारतात. ही डावीकडून आहे."

त्याने चष्मा लावून पाहिलं आणि ल्यूट तिच्या हातात दिली.

"उलटी धरलीत, बाई."

"मीच उलटी आहे."

उरल्या कानातलं फूल काढून तिने त्याच्या हातावर ठेवलं आणि ल्यूट घरी आणली.

"हे काय आणलंस?" नवऱ्याने विचारलं.

"ल्यूट. मी वाजवणार."

पहिला ठोसा तोंडावर बसला, दात गालात रुतला. मग त्याने ल्यूट मानेला धरून दाराच्या चौकटीवर आपटली. पोटाच्या चिरफळ्या उडाल्या, मान मोडली. तारा मात्र तुटेनात. मोडकी मान आणि फुटकं पोट त्यांनी धरून ठेवलं. ते बघून तो आणखीच पिसाळला. "वाजवायचा हात हाच ना?" म्हणत त्याने तिचा डावा हात उंबऱ्यावर दाबला आणि त्यावर बुटाची टाच हाणली. दोन बोटं मोडली. टाच पुन्हा वर गेली.

धार लावायला घरी आणलेली सुरी तिच्या कमरेला होती. बापाने मारून मारून शिकवलेला उजवा हात त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडला. टाचेमागची शीर तोडली की जनावर उभं राहत नाही, हे नवऱ्यानेच तिला एकदा फुशारकीने सांगितलं होतं. तिने त्याच्या टेकलेल्या पायाची शीर तोडली. तो कोसळला, आईच्या नावाने रडू लागला. त्याला दवाखान्यात न्यायला शेजाऱ्यांना हाक मारून, पदरात तारांसकट चिरफळ्या गोळा करून ती दुकानाकडे निघाली.

"लाकूड जुळेल," कारागीर म्हणाला. "तारा नव्या घालू."

"तारा त्याच राहू द्या."

"आणि ही बोटं?"

"आधी काय जुळतं ते बघू."

तिने एक तार सोडवली. एक टोक दातांत धरलं, दुसरं पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि उजव्या हाताने छेडली. आवाज वाकड्या जबड्यातून थेट डोक्यात गेला. दारात पोलीस आले, तेव्हा तिने हातानेच त्यांना थांबायला सांगितलं आणि तार पुन्हा छेडली.